उष्टी सुरी

एका जंगलात सगळ्यांना पोटापुरतं मिळत होतं, म्हणून तिथे छंद फार होते.

त्यातला एक छंद सुऱ्यांचा. बाळांनो, अस्वलाला नखं असतात, कोल्ह्याला दात असतात, मग त्यांना सुरी कशाला, असं विचारू नका. जिची गरज असते ती वस्तू आपण वापरतो. जिची नसते तिचा संग्रह करतो. तुमच्या घरी काचेच्या कपाटात फुलाफुलांच्या कपबशा आहेत, त्यातून तुम्हाला कधी दूध मिळालं आहे का? नाही ना. मग नीट मांडी घालून बसा आणि ऐका.

त्या जंगलात ओढ्याच्या काठी सगुणाबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिची भट्टी होती, भाता होता, आणि येसू नावाची उपवर लेक होती. सगुणाबाई सुऱ्या घडवायची. लोखंड तापवायची, ठोकायची, घडी घालायची, पुन्हा तापवायची. सात घड्या झाल्या की पात्यावर लाटा उमटत, तळ्यावर वाऱ्याने उमटतात तशा. मुठीला सांबराने आपणहून टाकलेलं शिंग. त्यात पितळेचे तीन खिळे, असे बसवलेले की वरून बोट फिरवलं तरी कळू नयेत. एक सुरी घडवायला आठ दिवस लागत. आठ दिवस ती दुसरं काही बोलत नसे.

तिची आईही सुऱ्याच घडवायची. तेव्हा त्या सुऱ्या घरोघरी कंद चिरायच्या. आईची रीत अशी, की लाल झालेलं पातं झऱ्याच्या गार पाण्यात बुडवायचं. सुरी कडक व्हायची, पण कठीण काही कापलं की धारेला दाते पडायचे. सगुणाबाईने वीस वर्षं विचार केला. मग तिच्या मनात आलं, पाण्याऐवजी करंजाच्या कोमट तेलात बुडवलं तर?

आता ती करून बघणार, तोच जंगलात वसा आला.

वसा आणला बगळेगुरुजींनी. ते तळ्यात एका पायावर उभे होते, तेव्हा त्यांना तो सुचला. सोळा बुधवार धरायचे. दर बुधवारी सगुणाबाईच्या हातची एक नवी सुरी पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, शेजारणींना बोलावून दाखवायची. सोळा झाल्या की उद्यापन. नियम एकच. सुरीच्या धारेला काही लागता कामा नये. जिच्या धारेला काही लागलं ती उष्टी. उष्टी सुरी पूजेत चालत नाही.

"म्हणजे तिने कापायचंच नाही?" सगुणाबाईने विचारलं होतं.

"बाई, देवापुढच्या समईवर तुम्ही पापड भाजता का?" गुरुजी म्हणाले.

सगुणाबाई भाविक होती. समईवर पापड भाजत नव्हती. तिच्याकडून गुरुजींनी आण घेतली, की भट्टीतून निघालेल्या सुरीने ती एक पानसुद्धा कापून बघणार नाही. जंगलातलं होतं नव्हतं ते लोखंड वशाला लागलं.

वसा घेणाऱ्यांत पहिली पाळी मधुमती अस्वलिणीची. बाई मनाने चांगली. सुऱ्यांवर तिचा खरा जीव होता. डोळे मिटून मुठीवरून हात फिरवायची आणि सांगायची, "ही पावसाळ्यातली. बघा, शिंग जरा फुगलंय." दर सुरीला मऊ रेशमी कोशाची घडी, दर सुरीला नाव. एकीचं नाव चंद्रकोर, एकीचं गौराई. तिचा नवरा नाना अस्वल तिला म्हणायचा, "घरात पंधरा सुऱ्या, आणि मी भोपळा आपटून फोडतो." मधुमती म्हणायची, "तुम्हाला कलेतलं काही कळत नाही."

दर बुधवारी हळदीकुंकू व्हायचं. बायका यायच्या, लांब उभ्या राहून बघायच्या.

"काय लाटा आहेत हो," लांडोरवहिनी म्हणायच्या. "आणि म्यान तर कसं, जसं काही माझ्याच पिसाऱ्यातून काढलंय."

"पिसारा तुमच्या यजमानांना, वहिनी," कोपऱ्यातून कोल्हीण म्हणायची.

सगुणाबाई तिथेच बसलेली असायची. ती एकच विचारायची. "कापते कशी?"

लग्नघरात कुणी वाईट बोलल्यासारखं व्हायचं. मग मधुमती हळूच म्हणायची, "सगुणाताई, फराळ घ्या ना."

आणि इकडे येसूचं लग्न ठरलं. मुलगा पलीकडच्या डोंगरावरचा, घरात भट्टी, पण शिकवणारं कुणी नाही. तिथे अजून वसा पोहोचला नव्हता. तिथल्या बायकांना कंद चिरायला सुऱ्या हव्या होत्या. येसू नवा भाता घेऊन जाणार होती.

"आई, पातं पाण्यात बुडवू का तेलात?" येसूने विचारलं.

"मला कसं ठाऊक?"

"तू घडवतेस ना?"

"घडवते. कापलं आहे का कधी?" सगुणाबाई म्हणाली आणि भाता जोरात ओढायला लागली. आईची रीत द्यावी, तर तिच्यातला दोष माहीत होता. आपली रीत द्यावी, तर ती चालते का हेच माहीत नव्हतं. लेकीच्या हातात आपण नक्की काय ठेवणार, ह्या काळजीने तिचे काटे गळायला लागले.

आण मोडायची तर तिची छाती नव्हती. पण बाळांनो, घेतलेला नेम पाळणारी बाई नियम फार बारकाईने वाचते. सगुणाबाईने मधुमतीच्या घरी भिंतीवर लावलेला वशाचा कागद पुन्हा वाचला. शेवटची ओळ अशी होती: उद्यापनाला एका कोहळ्याचे पाच भाग करून नैवेद्य दाखवावा.

तिने तो कागद दोनदा वाचला. मग सोळावी सुरी करायला घेतली. हिच्यावर तिने एकही लाट काढली नाही. मूठ बाभळीची, खिळे लोखंडाचे, म्यान नाहीच. पातं मात्र सात घड्यांचं, आणि लाल झालं तसं करंजाच्या तेलात बुडवलेलं.

मधुमतीचा चेहरा पडला. "सगुणाताई, सोळावी आणि अशी? विधवेसारखी?"

"पंधरा नटलेल्या आहेत," सगुणाबाई म्हणाली. "पंक्तीत एक वाढणारी लागते."

उद्यापनाचा बुधवार आला. सोळा पाट मांडले, सोळा सुऱ्या ठेवल्या. फुलं, रांगोळी, धूप. मधे हा एवढा कोहळा. बगळेगुरुजींनी मंत्र म्हटले आणि पाय बदलला.

"आता कोहळ्याचे पाच भाग करा."

"कशाने?" मधुमतीने विचारलं.

गुरुजी विचारात पडले. वसा सुचला तेव्हा त्यांना ही अडचण सुचली नव्हती.

"दातांनी तोडा," कोल्हीण म्हणाली.

"दातांनी तोडला तर कोहळा उष्टा," लांडोरवहिनी म्हणाल्या. "देवाला उष्टं दाखवणार?"

"सुरीने कापा."

"मग सुरी उष्टी."

"आपटून फोडतो," नाना म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अर्धा प्रहर चर्चा झाली. हरिणीचं म्हणणं, देवासाठी कापलं तर सुरी उष्टी होत नाही, प्रसादाची होते. लांडोरवहिनींचं म्हणणं, प्रसादाची झाली तर वाटून टाकावी लागेल. हे ऐकताच मधुमती पंधरा पाटांसमोर हात पसरून उभी राहिली. शेवटी गुरुजींनी निवाडा दिला. उद्यापन झालं नाही तर सोळाही बुधवार फुकट. म्हणून एका सुरीने उष्टं व्हावं, बाकीच्यांनी तरावं.

मधुमतीने ओळीवरून नजर फिरवली. चंद्रकोर? नको. गौराई? छे. तिचे डोळे बाभळीच्या मुठीवर येऊन थांबले.

सगुणाबाई जमिनीकडे बघत होती. येसूने तिचा हात धरला, काटे लागत होते तरी.

त्या जंगलात कोहळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही, अशी रीत होती. म्हणून नानाला बोलावलं. सोळा सुऱ्यांच्या त्या घरधन्याने जन्मात सुरी धरली नव्हती. त्याने आधी ती उलटी धरली. सगळ्यांनी सांगितल्यावर सुलटी धरली. मग भोपळा आपटायच्या सवयीने हात डोक्यावर नेला आणि खाली आणला.

आवाज असा झालाच नाही. कोहळ्याचे दोन भाग झाले. पाटाचेही दोन भाग झाले. सुरी खालच्या जमिनीत मुठीपर्यंत गेली आणि तिथे शांत उभी राहिली.

"अगं बाई," कोल्हीण म्हणाली. "हिला तर कापता येतं."

नानाने सुरी उपसली आणि कोहळ्याचे उरलेले भाग केले. पाच करायचे होते, अकरा झाले. त्याला थांबता येईना. मधुमतीने त्याच्या हातून सुरी काढून घेतली, तीही पदराने.

सगुणाबाई पुढे झाली. "बाई, मला नुसती धार बघू द्या. दाते पडलेत का तेवढं बघते."

"शिवू नका. उष्टी आहे," लांडोरवहिनी म्हणाल्या. मधुमतीने चिमटा मागवला. सुरी चिमट्यात धरली आणि कुंपणापलीकडे उकिरड्यावर टाकून दिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नेम तो नेम. नैवेद्य दाखवला, उद्यापन पार पडलं. कोहळा सगळ्यांनी खाल्ला. तो उष्टा आहे असं कुणाला वाटलं नाही.

सगुणाबाई उकिरड्यावर गेली. राख उपसली, सालं उपसली. सुरी नव्हती.

पुढचे आठ दिवस ती शोधत राहिली. एक घाव बरोबर बसला, हे तिला दिसलं होतं. पण एका घावाने काय कळतं? पहिल्या दिवशी सगळेच धारदार असतात. टिकते का, हा प्रश्न होता. येसूची निघायची सकाळ उजाडली. भाता पाठीवर बांधून झाला. ओटी भरून झाली.

"आई, काय ते सांग आता."

"आजीचीच रीत धर," सगुणाबाई म्हणाली. "माझं काही खरं नाही."

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. वासावरून कळलं, चिचुंद्री आहे. तिला कुठल्याच हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे.

"सगुणाकाकू, आधीच सांगते, मी चोरली नाही," ती म्हणाली. "उकिरड्यावर पडली होती. उष्टी आहे म्हणे. मला काय, मी जन्मभर उष्ट्यावरच वाढले."

तिच्या हातात बाभळीच्या मुठीची सुरी होती.

येसूने विचारलं, "काय कापलंस हिने?"

"काय नाही ते विचार. आठ दिवस सुरण चिरतेय. नारळाची करवंटी कापली. सासूबाईंच्या जुन्या खडावा लहान करून मुलाला दिल्या. काल दोरखंड कापला. म्हटलं आता धार लावून आणावी, पण..."

"पण काय?"

"लावायला जागाच नाही हो. तशीच आहे."

सगुणाबाईने सुरी उजेडाकडे धरली. धारेवरून नजर नेली, मग नख नेलं. एकही दाता नव्हता. कडेला सुरणाचा चीक वाळला होता. तिने तो पुसला नाही. बराच वेळ ती बघत राहिली आणि मग खाली बसून लहान मुलीसारखी रडली.

"परत हवी का?" चिचुंद्री घाबरून म्हणाली.

"नको गं बाई. तूच ठेव. रोज चीर." मग ती लेकीकडे वळली. "तेलात, येसू. करंजाच्या. कोमट असू दे, कढत नको."

येसू गेली. दुसऱ्या दिवसापासून सगुणाबाईने भट्टीच्या दारात एक कोहळा टांगला. सुरी तयार झाली की गिऱ्हाइकासमोर त्याला एक चीर द्यायची, मगच हातात ठेवायची. उद्यापनाबरोबर जुनी आण फिटली, नवी घेणार नाही, म्हणाली. ज्यांना कोरी हवी त्यांनी दुसरीकडे जावं.

वसा काही बंद पडला नाही. बगळेगुरुजींना दुसऱ्या पायावर दुसरा उपाय सुचला. माकडाने नुसती मूठ आणि म्यान करायला घेतलं. मधे पातंच नाही, तर उष्टं कुठून होणार? लांडोरवहिनींकडे आता अशा बत्तीस आहेत.

आणि सगुणाबाईच्या दारात चिचुंद्रीच्या सात जावा, घुशी, मुंगसाची म्हातारी, सगळ्या रांगेत. एका बुधवारी रांगेच्या शेवटी पदर डोक्यावरून पुढे ओढलेली मधुमती उभी होती. तिच्या काखेत रेशमी कोशाची घडी होती.

"सगुणाताई," ती अगदी हळू म्हणाली, "चंद्रकोर आणली आहे. जरा उष्टी करून द्याल का? फणस आणलाय. आणि ह्यांना सांगू नका, नाहीतर पाटसुद्धा उरायचे नाहीत."

बाळांनो, ही सोळा सुऱ्यांची कहाणी एका सुरीने तडीस गेली. तशी तुमचीही जावो.

तात्पर्य: गुणी वस्तूला होता होईल तेवढ्या लवकर बट्टा लावावा, म्हणजे ती मखरातून सुटते आणि संसाराला लागते. (हे सुनांना लागू नाही, असं बगळेगुरुजींनी कळवलं आहे. पण ते एका पायावर उभे राहून म्हणाले, म्हणून अर्धंच धरावं.)