ओळखक्रमांकाच्या आकड्यांवरील मोहीम

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, पुणे शहरी एका विद्याविभागात शुक्रवारी जे वर्तमान घडले ते वेळेसुद्धा लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

चैतालीबाई संशोधक यांनी सहा वर्षे खपून लोणी काळभोरच्या विहिरींवर मराठीत प्रबंध सिद्ध केला होता, आणि तो दाखल करण्याची मुदत त्याच दिवशी पाच वाजता सरत होती, आणि ती चुकती तर नोंदणी रद्द होऊन सहा वर्षे पाण्यात जाती. दुपारी दोन वाजता विभागप्रमुख श्रीमंत तात्याराव यांनी संदर्भसूची तपासावयास घेतली, आणि ज्या लेखावर चौथे प्रकरण उभे होते त्याच्या वेबपत्त्यावर बोट ठेविले, तो 'पान सापडत नाही' ऐसा जबाब आला. नियतकालिकाने आपले संकेतस्थळ दुसरीकडे हलविले होते. श्रीमंतांनी फर्मावले की, जो लेख दिसत नाही तो नाही. चौथे प्रकरण गाळावे, पाचव्याने आपले आपण पाहावे.

मग चैतालीबाईंनी ग्रंथपाल श्रद्धाताईंची कुमक मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, पत्ता कसला देतेस? बिऱ्हाड हललं की पत्ता गेला. लेखाला कायमचा ओळखक्रमांक असतो, तो दे. लेख कुठेही राहायला जाऊ दे, क्रमांक त्याला गाठतो."

मसलत मान्य होऊन क्रमांक बुधवार पेठेत टंकलेखक महिपतराव यांजकडे रवाना झाला, आणि तीन वाजून वीस मिनिटांनी सुधारलेली सूची आली, आणि श्रीमंतांनी पुन्हा बोट ठेविले, आणि पुन्हा तोच जबाब आला. "कायमचा म्हणजे दीड तासाचा का?" ऐसे श्रीमंतांनी पुसले.

श्रद्धाताईंनी चष्मा लावून पाहिले, तो क्रमांकाच्या आरंभीच्या 10 च्या ठिकाणी १०, आणि पुढेही तसेच. विभागाचे कलम नऊ ऐसे की, मराठी प्रबंधात सर्व अंक मराठीच असावेत. ते महिपतरावांनी इमानाने पाळिले होते, आणि यंत्रास मराठी अंकांची ओळख नव्हती. फोनवर जाब विचारता महिपतराव म्हणाले, "नियम तुमच्याच साहेबांचा आहे, ताई. मी एक आकडा सोडला नाही."

श्रीमंतांनी फर्मावले की, कलम नऊ आम्ही स्वहस्ते लिहिले, त्यास अपवाद नाही. चार वाजले होते. तेव्हा चैतालीबाईंनी अर्ज केला, "सर, मग हे अंक धरूच नका. यांची बेरीज होत नाही, वजाबाकी होत नाही. नुसते आकार आहेत."

श्रीमंतांनी अकरा मिनिटे नियमावली चाळिली, आणि मग हुकूम झाला की, ज्याची बेरीज होत नाही तो अंक नव्हे, चित्र होय. चित्रास कलम नऊ लागू नाही, कलम चौदा लागू आहे, की प्रत्येक चित्राखाली क्रमांक, शीर्षक आणि छायाचित्र कोणाचे ते लिहावे. त्यावर महिपतरावांनी इंग्रजी आकडे चढविले, श्रीमंतांनी तिसऱ्यांदा बोट ठेविले, आणि लेख नव्या बिऱ्हाडी सुखरूप सापडला.

येणेप्रमाणे चार वाजून बावन्न मिनिटांनी प्रबंध दाखल होऊन मोहीम फत्ते झाली, आणि चौथे प्रकरण शाबूत राहिले. कलम चौदान्वये ओळखक्रमांक दप्तरी रुजू आहे तो ऐसा : चित्र ४७. शीर्षक : आकार. छायाचित्र : संशोधक.