हनोईची बॅग आणि कोमट पाणी

माझ्या मनात एवढंच आलं होतं, की अप्पांना जरा एसीत बसवावं. बाकीचं सगळं त्यातून झालं.

अप्पा म्हणजे आमचे तीर्थरूप, महालिंगप्पा. जळकोटला हायवेला लागून त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, मागंच आमचं घर. यंदा पाइप कंपनीनं जास्त माल उचलणाऱ्या डीलरांना सपत्नीक व्हिएतनाम दाखवायचं ठरवलं. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, साफ सांगितलं, "ज्या गाडीची खिडकी उघडत न्हाय, तिच्यात म्या बसत न्हाय." मग पत्नीच्या जागी मी गेलो. (इंजिनिअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला सोडून घरी बसलेला मुलगा कुठल्याही रिकाम्या जागी बसवता येतो.)

हनोईत तिसऱ्या दिवशी अप्पांचे पाय सुजले. समोर काचेची मोठी इमारत होती. मी म्हणालो, "चला, आत गार असंल." आत गारही होतं आणि सोफेही होते, पण सोफ्यांच्या भोवती दुकान होतं. भिंतीवर सात-आठच बॅगा, प्रत्येकीवर वेगळा दिवा. आमच्या दुकानात एवढ्या जागेत चारशे पाइप मावतात.

एक मुलगी आली. ती वाकली, अप्पांना बसवलं आणि त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास धरला. दोन्ही हातांनी. मग चहा आला, तोही दोन्ही हातांनी.

अप्पा बघतच राहिले. त्यांना कुणी दोन्ही हातांनी काही दिल्याला जमाना झाला असावा. बहुतेक लग्नात नारळ मिळाला, तेवढाच. घरी अव्वा चहाचा कप कट्ट्यावर आपटते आणि "घ्या" म्हणते. दुकानात मी तेवढंही म्हणत नाही.

"नंदीश, ती वांगी रंगाची केवढ्याला हाय, इचार."

मी विचारलं. मोबाइलवर हिशेब केला, दोनदा केला आणि अप्पांच्या कानात सांगितला. आकडा इथं सांगत नाही. तेवढ्यात आमच्याकडं एक दुभती म्हैस आली असती, रेडकासकट.

आता हे अप्पा कोण, तर अकरा वर्षं एकच पट्टा वापरणारे. मी साधा हेडफोन मागितला तर 'आमच्या काळी' या विषयावर अर्धा तास बोलणारे. ते सोफ्यावर मागं टेकले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "असू दे."

बाहेर आल्यावर मात्र एसी उतरला. "अव्वाला काय सांगायचं?" अप्पांनी मलाच विचारलं.

"खरं सांगा."

"खरं सांगितलं तर म्या घरात ऱ्हाईन का? फुटपाथवर घेतली म्हणायचं. चारशेला." (आमच्या घरातली मोठी माणसं खोटं बोलत नाहीत. तसं त्यांनीच आम्हाला सांगितलेलं आहे.)

"आणि मी का गप्प बसू?" मी म्हणालो.

मला काय पाहिजे ते माझ्या डोक्यात आदल्या दिवसापासूनच होतं. कंपनीनं आम्हाला तिथं अर्धा दिवस स्वयंपाकाच्या क्लासला बसवलं होतं. बाकीचे डीलर झोपले. मी मात्र भाताचे पातळ कागद पाण्यात भिजवून त्यात भाजी गुंडाळायला शिकलो. त्यांच्या चटणीत माशाचा रस असतो. आम्ही घरात अंडंसुद्धा आणत नाही म्हटल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी लिंबू, गूळ आणि मीठ घालून वेगळी करून दिली आणि मला खांद्यावर थोपटलं. शिकताना मला कुणी थोपटलं, ही माझ्या शैक्षणिक जीवनातली पहिलीच वेळ. तेव्हाच ठरवलं, दुकानाशेजारचं आपलं पत्र्याचं शेड घ्यायचं आणि हायवेवर व्हिएतनामी जेवण विकायचं.

अप्पांनी हनोईच्या फुटपाथवर उभ्या-उभ्या सौदा केला. "पयल्यांदा घरच्यांना जेवू घाल. पोट भरलं म्हणले तर शेड तुझं. न्हाय तर सोमवारपास्नं दुकानात बसायचं, पाइप मोजायचे. आन् बॅगेचं तोंडातनं काढायचं न्हाय."

पाइप मोजणं काय असतं ते मी दोन सुट्ट्यांत भोगलेलं आहे. मी हात मिळवला.

घरी आल्यावर अव्वानं बॅग उलटीपालटी करून बघितली. आतले खिसे चाचपले. "चारशेला?" तिनं विचारलं.

"भांडून घेतली," अप्पा म्हणाले. "पाचशे सांगत होता."

"बरी हाय," अव्वा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन बाजारात गेली. येताना त्यात दोन किलो कांदे, पुदिना आणि मुळा होता. मुळ्याची पानं बाहेर लोंबत होती. अप्पांनी दुकानातून हे बघितलं आणि गिऱ्हाइकाला दोन इंची पाइपऐवजी तीन इंची दिला.

रविवारी दुपारी जेवण ठरलं. पाहुणे तीनच. अप्पांचे थोरले भाऊ महांतप्पा, म्हणजे आमचे दोड्डप्पा. त्यांच्या बायको सिताबाई, म्हणजे दोड्डव्वा. दोघं गावाबाहेर मळ्यात राहतात. आणि रिटायर्ड मुख्याध्यापक रामहरी गुरुजी. गुरुजींना बोलवायची काही गरज नव्हती. पण गावात कुठंही जेवण असलं की ते मार्गदर्शनाला हजर असतात. मला चौथीत त्यांनीच सांगितलं होतं, की तुझं काही होणार नाही. एवढा एकच अंदाज त्यांचा आजवर बरोबर आला, म्हणून ते माझ्यावर खूश असतात.

मी सकाळपासून राबलो. गाजर, काकडी, मुळा काडेपेटीच्या काड्यांएवढे चिरले. शेवया उकडल्या. पनीर तळलं. प्रत्येकाच्या ताटात भाज्यांचे छोटे ढीग, चटणी आणि तीन-तीन कोरे कागद मांडले. शेवटी प्रत्येकापुढं एकेक वाटी कोमट पाणी ठेवलं, कागद भिजवायला. हनोईत असंच ठेवलं होतं. मग पद्धत कशी ते नीट समजावून सांगावी म्हणून घसा खाकरला आणि तेवढ्यात चटणीचा चमचा आणायला स्वयंपाकघरात गेलो.

तो चमचा मला महागात पडला.

आमच्यात ताटात काही टाकत नाहीत. अन्न म्हणजे प्रसाद. जुनी माणसं तर जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटानं धुऊन ते पिऊन टाकतात. दोड्डप्पा या बाबतीत फार कडक. मी परत आलो तर त्यांनी भाज्यांचे ढीग कोशिंबिरीसारखे संपवले होते, चटणी चाटली होती, कोरे कागद गुरुजींच्या ताटात सारले होते, कोमट पाणी ताटात ओतून, फिरवून, पिऊन ते मिशा पुसत होते.

"झालं जेवण," ते म्हणाले. "हलकं होतं."

"दोड्डप्पा, अजून सुरूच झालं नव्हतं!"

"मग पाणी कशाला ठिवलंस? पाणी आलं की जेवण संपतं."

"ते कागद भिजवायला होतं. कागद भिजवायचा, त्यात भाजी भरायची, गुंडाळायचा आणि मग खायचा."

"कुणी?"

"तुम्ही."

दोड्डप्पांनी अप्पांकडं बघितलं. "सवताच करून खायचं हुतं तर म्या मळ्यातच जेवलो असतो की रं, महालिंगा."

गुरुजींनी तोवर एक कागद मोडून तोंडात टाकला होता. ते बराच वेळ चावत होते. "पापड कच्चा आहे," त्यांनी निकाल दिला. "मुलाला घाई फार. चौथीतही असंच होतं."

दोड्डव्वांनी वाटीत हात धुतले होते. अप्पा छताकडं बघत होते आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर सोमवार स्पष्ट दिसत होता.

मी एक कागद भिजवून त्यांना करून दाखवायला गेलो. बाईंच्या हातात तो रेशमासारखा वळायचा. माझ्या हातात तो बोटांना चिकटला, मग मनगटाला चिकटला, मग स्वतःलाच चिकटला. त्यातून एक शेवई सुटून गुरुजींच्या चष्म्यावर जाऊन बसली.

"आन इकडं," अव्वा म्हणाली. तिनं ताटातले कोरे कागद आणि पुड्यातले उरलेले गोळा केले आणि आत गेली. आतून कढईचा आवाज आला.

"अव्वा, ते तळायचे नसतात! तिकडं तसं करत न्हाईत!"

"तिकडं करत न्हाईत म्हणूनच पाव्हणं उपाशी बसल्यात," अव्वा आतून म्हणाली.

मिनिटात ताट बाहेर आलं. कागद तेलात पडताच चौपट फुलले होते, पांढरेशुभ्र, ढगासारखे. वर अव्वानं शेंगाचटणी भुरभुरली होती आणि माझी लिंबू-गुळाची चटणी मधोमध वाटीत. गुरुजींनी एक तोडला. मग दुसरा. मग ते बोलेनासे झाले. हे गावात पहिल्यांदाच घडलं.

दोड्डप्पांची अडचण झाली. ताट धुऊन प्यायल्यावर त्यात पुन्हा काही वाढून घेत नाहीत. ते थोडा वेळ धीर धरून बसले. मग म्हणाले, "ताटात नगं. हातात दे." हातात त्यांनी अकरा खाल्ले.

मी हनोईहून आणलेले दोन्ही पुडे संपले. "पोट भरलं का?" अप्पांनी विचारलं.

"भरलं की!" सगळे म्हणाले.

मी जिंकलो होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं.

पाहुणे निघाले तेव्हा अव्वा दोड्डव्वांची ओटी भरायला बसली. सुवाशिणीला आमच्याकडं रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. खण, नारळ, तांदूळ घातले. दोड्डव्वांचा पदर भरून सांडायला लागला. अव्वानं इकडंतिकडं बघितलं, खुंटीवरची वांगी रंगाची बॅग काढली, सगळी ओटी तिच्यात ओतली, वर उरलेला मुळा खोचला आणि बॅग दोड्डव्वांच्या हातात दिली.

अप्पांच्या तोंडून एक आवाज आला. दुकानात नवीन मोटार जळते तेव्हा येतो तसा.

"काय झालं वो?" अव्वानं विचारलं.

"न्हाय... म्हटलं, कापडी पिशवी हुती की."

"असू द्या. चारशेची तर हाय."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी शेडकडं बघितलं. एक शब्द बोललो असतो तर बॅग वाचली असती आणि सौदा मोडला असता. मी गप्प बसलो. (मोठ्यांचं आम्ही ऐकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) ओटी दिलेली परत मागता येत नाही. दोड्डप्पांच्या मोटारसायकलच्या हँडलला लटकून एक म्हैस, रेडकासकट, मळ्याकडं निघून गेली. अप्पा ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे होते.

सकाळी दोड्डव्वा परत दारात. त्यांच्या हातात बॅग. अव्वाला म्हणाल्या, "इरम्मा, घे गं तुझी पिशवी. आमच्या म्हशीला काल रेडकू झालं. रिकामी कशी देऊ, म्हणून चीक आणला."

चीक स्टीलच्या डब्यात होता. डबा बॅगेत आडवा होता. झाकण डब्याच्या शेजारी होतं.

अप्पा दाढी अर्धी सोडून धावले. बॅगेच्या तळातून पिवळसर दूध थेंब-थेंब फरशीवर पडत होतं. "अवो, अवो, वैनी!" ते ओरडले. "ही बॅग केवढ्याची हाय म्हायतीय का?" आणि त्यांनी आकडा सांगून टाकला. सगळा, शून्यांसकट.

दोड्डव्वा मटकन पायरीवर बसल्या. अव्वानं शांतपणे डबा बाहेर काढला, उरलेला चीक पातेल्यात ओतला आणि गूळ टाकून शेगडीवर ठेवला.

"म्हायतीय," ती म्हणाली. "पावती आतल्या खिशात हुती. पयल्याच दिशी गुरुजींकडनं वाचून घेतली. म्हटलं बघावं, बाप आधी खरं बोलतोय का ल्योक."

अप्पांच्या अर्ध्या गालावरचा फेस सुकत गेला.

"अन् तू रं?" ती माझ्याकडं वळली. "तुला काय मिळणार हुतं?"

"शेड," मी म्हणालो.

"पोट कुणी भरलं?"

मी शेगडीकडं बघितलं. पातेल्यात खरवस आळत होता आणि वास छान येत होता.

शेड अव्वाला मिळालं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिनं कढई चढवली. पाटीवर 'इरम्मांचे व्हिएतनामी पापड' असं लिहिलंय. भाताचे कागद मी ऑनलाइन मागवतो आणि ती तळते. तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या हमखास थांबतात. बॅग धुतली, वाळवली, तरी तिला चिकाचा वास येतोच. आता तिच्यात गल्ला असतो आणि त्या वासामुळं तिच्याजवळ कुणी फिरकत नाही, म्हणजे सुरक्षित. अप्पा दुपारी दुकान सोडून शेडमध्ये येऊन बसतात, बॅगेकडं बघतात आणि चहा मागतात. अव्वा कप कट्ट्यावर आपटते.

मलाही हुद्दा आहे. पापड तेलकट असतात, त्यामुळं गिऱ्हाइकाला हात धुवायला कोमट पाण्याची वाटी, त्यात लिंबाची फोड, ती नेऊन देणं. माझ्या त्या वाट्या वाया गेल्या नाहीत. एका हातानं दिली की अप्पा खुर्चीतून ओरडतात, "दोन्ही हातांनी! दोन्ही हातांनी दे! गिऱ्हाईक तिथंच फसतंय, म्या सवता बघितलंय!"

परवा सोलापूरचं एक कुटुंब उतरलं. मी वाकून, दोन्ही हातांनी वाटी पुढं केली. गृहस्थ एकदम भारावले. "वा! अशी पद्धत आपल्याकडं न्हाय. कुठं शिकलात?"

मी छाती पुढं काढली. "व्हिएतनामला," म्हणालो. "खास विमानानं गेलो होतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, मग बायकोकडं वळून हळूच म्हणाले, "बघ. आता पाणी द्यायलासुद्धा पोरांना परदेशात पाठवायला लागतंय."