ठोकेसाहेबांची पोकळी

कार्यालयाच्या मधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि संचालकांनी ठोकेसाहेबांना बोलावणं धाडलं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवायचा, त्यावर घण मारायचा आणि रांगेनं रोवलेल्या छोट्या यंत्रांनी खालून आलेल्या लाटा टिपायच्या, हा त्यांचा धंदा. त्या यंत्रांना ते 'कान' म्हणत. त्यांना स्वतःला मात्र सगळे ठोकेसाहेब म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

"इमारतीखाली काय आहे ते शोधा," संचालक म्हणाले. "सापडलं तर तुमचा विभाग राहील. नाही सापडलं तर बंद. मग तुम्ही बसा अभिलेखात, फायली लावत."

विभाग म्हणजे ठोकेसाहेब, एक खुर्ची आणि एक दमेकरी संगणक. पण बावीस वर्षं त्यांनी तोच संसार केला होता. निवृत्तीला राहिलेली चार वर्षं फायलींत काढायची कल्पनाच त्यांना पटेना.

इमारत लांबलचक, एकमजली. एका टोकाला कॅन्टीन आणि लगत संचालकांची खोली, दुसऱ्या टोकाला गोदाम आणि अभिलेख. भिंतीच्या कडेनं अठ्ठेचाळीस कान रोवून ठोकेसाहेबांनी दिवसभर घण मारला आणि खांदा धरून घरी आले.

"म्हणजे आता तुम्ही नक्की करणार काय?" खांद्याला मलम लावता लावता बायकोनं विचारलं.

"आधी जमीन कशी असेल ते अंदाजानं ठरवायचं. तशी असती तर लाटा कशा आल्या असत्या, ते संगणकाला विचारायचं. खऱ्या लाटांशी ताडून बघायचं. जेवढं चुकलं तेवढी जमीन बदलायची. मग पुन्हा पहिल्यापासून."

"असं किती वेळा?"

"एकशेचाळीस."

"एवढ्या वेळा तर मी तुम्हालाही बदलून बघितलं नाही."

"लोक नुसत्या पुढे ढकलत जाणाऱ्या लाटा घेतात आणि दोन दिवसांत मोकळे होतात. मी आडव्या हलणाऱ्यासुद्धा घेतल्यात. नऊ दिवस लागतील, पण चित्र कसं स्वच्छ येईल!"

एकट्या दमेकऱ्याला हे झेपेना, म्हणून कार्यालयातले सगळे संगणक त्याच्या दिमतीला जुंपले गेले. नऊ दिवस लोकांनी रजेचे अर्जसुद्धा हातानं लिहिले आणि प्रत्येक अर्जागणिक ठोकेसाहेबांचा उद्धार केला. दहाव्या दिवशी चित्र आलं. पाच मीटर खोलीवर एक ऐसपैस पोकळी. अर्धी कॅन्टीनखाली, अर्धी संचालकांच्या खोलीखाली. लाटांचा ताळा शंभरात अठ्ठ्याण्णव जुळला होता.

"माझ्या खुर्चीखाली?" संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"थोडी डावीकडे, साहेब."

संध्याकाळच्या आत ते अख्खं टोक रिकामं झालं. एकतीस माणसं, तेवढीच टेबलं आणि कॅन्टीनची शेगडी गोदामात कोंबली गेली. संचालकांचं टेबल मान म्हणून बरोबर मध्यभागी, पंख्याखाली मांडलं. लोक जाता-येता ठोकेसाहेबांना नमस्कार करू लागले. एवढं सुख त्यांना सोसवेना. ते उगीचच दिवसातून दोनदा गोदामात चक्कर मारून यायचे.

चौथ्या दिवशी भोक पाडणारं यंत्र आलं. त्यानं कॅन्टीनच्या फरशीला एक भोक पाडलं, संचालकांच्या खोलीत दोन पाडली आणि तिसऱ्या भोकात स्वतःचं पातं मोडून घेतलं. खाली अखंड कातळ होता. यंत्रवाला म्हणाला, "इथं किल्ला बांधा, हलणार नाही."

 संचालकांनी ठोकेसाहेबांकडे फक्त पाहिलं, आणि ते पाहणं ठोकेसाहेबांना घणापेक्षा जोरात लागलं.

घरी येऊन ते दिव्याचं बटण न दाबता बसून राहिले.

"चुकलं कुठे तेच कळत नाही गं. ताळा जुळला होता. पहिला ठोका गोदामाकडून, शेवटचा कॅन्टीनकडे. बावीस वर्षं असंच करतोय."

"पहिला ठोका गोदामाकडून कसा असेल?" बायको म्हणाली. "डबा विसरलो म्हणून तुमचा फोन आला, तेव्हा 'पहिलाच ठोका मारतोय, पटकन बोल' म्हणालात. आणि मागे कपबशांचा नुसता खणखणाट चालला होता. गोदामात कोण चहा पितं?"

ठोकेसाहेब उभे राहिले आणि पुन्हा बसले. त्या दिवशी गोदामाची किल्ली सापडत नव्हती. कानांची पेटी आदल्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये पडलेली, म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली होती. संगणकात मात्र हातानं सवयीनं पहिला क्रमांक गोदामाच्या टोकाला लिहिला. ठोके उलटे, कानही उलटे. दोन्ही सारखेच उलटे म्हटल्यावर ताळा जुळणारच. पोकळी खरी होती. फक्त ती दुसऱ्या टोकाला होती, गोदामाच्या मध्यभागी, पंख्याखाली.

सकाळी ते धापा टाकत संचालकांच्या टेबलापाशी पोचले आणि सगळं सांगितलं. आसपासची टकटक थांबली.

"आधी तिकडे आहे म्हणालात, म्हणून आम्ही इकडे आलो," संचालक शांतपणे म्हणाले. "आता इकडे आहे म्हणता. तिकडे तीन भोकं आहेत. पुन्हा हललो तर वरच्यांना काय तोंड दाखवू? आणि तुमचा विभाग काल बंद झालाय. बंद विभागाचा अहवाल घेता येत नाही."

ठोकेसाहेबांना अभिलेखाचं टेबल मिळालं, तेही गोदामातच. ते मुकाट्यानं त्यांनी तीन मीटर ओढून भिंतीला लावलं. टंकलेखिकेनं ते पाहिलं आणि दुपारी तिचंही टेबल भिंतीला टेकलं.  गुरुवारपर्यंत बाकीची सगळी टेबलं चारही भिंतींना चिकटली होती आणि शेगडी दाराबाहेर गेली होती. मधल्या मोकळ्या फरशीवर संचालक एकटेच बसले होते. चहा देणारासुद्धा त्यांना लांबूनच कप सरकवायचा.

शुक्रवारी संचालक म्हणाले, "हा पंख्याचा वारा फार लागतो हो," आणि स्वतःच टेबल ढकलू लागले. ठोकेसाहेबांनी उठून दुसरी बाजू धरली.

"इथपर्यंत येत नाही ना ती?" संचालकांनी हळूच विचारलं.

"अजून दीड मीटर, साहेब."

दीड मीटर झाल्यावर संचालकांनी घाम पुसला, भिंतीला पाठ टेकली आणि विभाग बंद केल्याच्या, सहीसाठी पडून राहिलेल्या आदेशावर सही केली. मग तो कागद ठोकेसाहेबांच्याच हातात दिला, फायलीला लावायला.