सतरा नंबरची प्रतिकारशक्ती

विषाणू टोचल्यावर सहाव्या दिवशी वीसपैकी एकोणीस पांढरे उंदीर मेले होते आणि सतरा नंबरची मादी शेजारच्या पिंजऱ्यात उभी राहून दाणे मागत होती. पिंजरे सांभाळणाऱ्या काकांनी तिला वेगळं काढलं होतं. धडधाकट दिसली म्हणून काढली असेल, असं संशोधक मुलीला वाटलं. तीन वर्षांत तिच्या प्रबंधाला सांगण्यासारखं काही सापडलं नव्हतं, आणि मुदत चार महिन्यांवर आली होती.

"ताप?" सरांनी विचारलं.

"नाही. वजन दोन ग्रॅम वाढलंय. रक्तात विषाणूशी लढल्याची खूणसुद्धा नाही."

सर खुर्चीतून उठले. "म्हणजे दारातूनच परत पाठवला! हे जनुकांतच असणार. पिल्लं घ्या हिची. खाण तशी माती!"

सात पिल्लं झाली. सरांनी परिषदेला गोषवारा पाठवून दिला. पिल्लं पाच आठवड्यांची झाली तेव्हा टोचणीचा दिवस ठरला.

आदल्या दुपारी काका म्हणाले, "ताई, आईला टोचलं नाही, मग लेकरांना कशाला?"

"टोचलं नाही कसं?"

"त्या दिवशी ही होती कुठे? झाकण उचकटून खाद्याच्या पोत्यात जाऊन बसलेली. संध्याकाळी सापडली. बाकीचे चावतील म्हणून वेगळी ठेवली."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमच्या कागदावर वीस खुणा होत्या. तुमच्या लिहिण्यावर मी कोण बोलणार?"

खुणा तिनेच केल्या होत्या, टोचण्याआधी. हातमोजे चढवले की पेन धरता येत नाही. एकेक उंदीर टोचून दुसऱ्या पिंजऱ्यात सोडायचा. पहिला रिकामा झाला की काम संपलं. तो रिकामा झाला होता.

सरांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. "उद्या आठही जणांना टोचू. मोजून. वाचले तर गोषवारा खरा, नाहीतर मागे घेऊ."

सकाळी झाकण किंचित तिरकं होतं. आत नुसता भुसा होता. काकांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि रिकामा बाहेर काढला. शेजारी, तितक्याच सैल झाकणाखाली, पिल्लांचा बाप शांतपणे दाणे खात होता.

"सगळी आईवर गेलीत, सर," काका म्हणाले. "बापाचा एक गुण नाही."

मुलीने हातमोजे काढले आणि वहीत लिहिलं : आठपैकी आठ वाचले. गुण आईकडून आलेला.

सरांनी ते दोनदा वाचलं. खोडलं नाही.