डावीकडं वजन कमी हाय

हरेश्वरने एकदा नवरदेवालाच स्टेजवरून खाली उतरवलं होतं. "मधोमध खांबासारखा काय उभा राहतोस? पासपोर्ट काढायचाय काय?"

खोपटला डेपोसमोर त्याचा फोटो स्टुडिओ. माजिवड्यातल्या आमच्या आळीत त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय एकही लग्न लागत नाही. त्याला माणसं दिसतच नाहीत, वजनं दिसतात. "मामा, तुमच्या पोटानं उजवी बाजू खाल्ली. मागं सरका!" हॉटेलात बसला तरी आधी पावाची बशी मिसळीपासून चार बोटं लांब सरकवणार, मगच खाणार.

माझ्या मुलीच्या हळदीला तो असाच खेकसत होता. घरच्यांच्या फोटोची वेळ आली, तशी माझी आई उठली आणि मंडपाच्या खांबामागे जाऊन उभी राहिली. बाबा गेल्यापासून ती प्रत्येक हळदीत हेच करते. आत्या म्हणाली, "समजूतदार आहे हो." मी ऐकलं आणि गप्प राहिलो. मुलीचा बाप मी, पोटचा मुलगा मी, आणि गप्प राहिलो.

हरेश्वरने कॅमेरा खाली घेतला. "फोटो होत नाय. डावीकडं वजन कमी हाय. ती बाय पायजे."

"अरे, हळदीत ती कशी चालेल?" आत्या.

"तुम्ही कनाला मधे बोलता, आत्या? फ्रेम तुमची का माझी?"

"राहू दे रे बाबा, मी इथंच बरी," आई म्हणाली.

"मग दुसरा फोटोवाला आणा!" तो खरंच कॅमेरा बॅगेत भरू लागला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी जाऊन आईचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. "आत्ता दिसले होय मी?"

हरेश्वर पुढे आला. आवाज तोच, चढलेला. "बाय, याच्यासाठी नको. माझा फोटो बिघडतोय, माझ्यासाठी या."

त्याच्यासाठी आली. नातीने तिला मिठीच मारली.

जेवणं झाल्यावर त्याने मला स्क्रीनवर फोटो दाखवला. मी मोजलं. आईला सोडूनही डावीकडे सात माणसं होती, उजवीकडे पाच.

"अरे, वजन कुठे कमी होतं?"

"तुला काय कळतंय फोटोतलं?" तो खेकसला. मग बराच वेळ लेन्स पुसत राहिला.

"बापूस नव्हता. माझ्या लग्नात आयस चुलीपाशीच बसून राहिली," तो म्हणाला. "घरच्यांची फ्रेम मीच लावली होती. तिच्याबिगर एकदम बरोबर बसलेली."