खोबरेल चोळलेल्या तिसऱ्या

सासूनं प्रेमानं पाठवलेल्या तिसऱ्या न खाता त्यांची चरबी काढत बसणाऱ्या जावयाला तुम्ही काय म्हणाल? आमची उस्मानाबादची गल्ली त्याला वेडा म्हणते. मी म्हणत नाही.

मुनीरसर माझे शेजारी, शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांची बायको सलमा रत्नागिरीकडची. लग्नानंतर काही वर्षांतच वारली. तरी तिची आई दर वर्षी तिसऱ्यांचं, म्हणजे समुद्री शिंपल्यांतल्या वाळवलेल्या मांसाचं, गाठोडं कुर्डुवाडीमार्गे धाडते. गाठोडं सुटलं की गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद होतात.

"सर, लई झालं!" समोरचे तात्या ओरडतात. "म्हशीनं वैरण सोडली!"

"तिनं समुद्र बघितला न्हाय, तात्या. व्हईल सवय," सर आतून म्हणतात.

समुद्री जिवांच्या चरबीत इतरत्र न सापडणारी आम्लं असतात. त्यातलं एखादं आपल्या हातून सापडावं, हा सरांचा ध्यास. तिसऱ्या कुटायच्या, ईथरमध्ये भिजवून चरबी उतरवायची, तिचा साबण करायचा आणि त्या साबणातून आम्ल मोकळं करायचं. चाखायची मात्र एकही नाही. "नमुना खायचा नसतो, मियाँ." मी तावातावानं अन्यायाविरुद्ध लिहिलेलं माझं एखादं पत्रक वाचून दाखवलं, की त्यांचं एकच उत्तर: "साबित कर!" अन्यायाकडूनही पुरावा मागणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना वाटलं, सापडलं. समुद्री चरबी गारठ्यातही पातळ राहते आणि आयोडीनचा रंग गटागटा पिते. सरांची चरबी सकाळच्या थंडीत पांढरीशुभ्र गोठली, आयोडीनला तिनं जेमतेम तोंड लावलं. साबण तर आमच्या आडाच्या जड पाण्यातही फेसाळला. फेसाचे हात नाचवत सर अंगणात आले, "मियाँ, नवं आम्ल!"

त्यांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना कळवलं. शुद्ध नमुना पाठवा, असं उत्तर आलं. मी लगेच पत्रक लिहून काढलं: मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांनो, या आणि पाहा!

त्याच सुमारास सासूबाई स्वतः गाठोडं घेऊन आल्या. ओसरीवर गाठ सोडत म्हणाल्या, "दुल्हेमियाँ, यंदा खोबरेल जरा जास्तच चोळलंय. सलमा म्हणायची ना, कोरड्या तिसऱ्या घशाला टोचतात."

सरांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. "दर वर्षी चोळता, अम्मी?"

"म्हणजे काय! तिनं सांगितलं होतं तस्संच. लागतात ना चांगल्या?"

"लई चांगल्या," सर म्हणाले.

त्या गेल्यावर सरांनी बाजारातून खोबरेल आणलं, त्यातलं आम्ल वेगळं केलं आणि आपल्या 'नव्या' आम्लात मिसळलं. दोन निराळी आम्लं मिसळली, तर ती एरवीपेक्षा लवकर वितळतात. एकच असेल, तर वितळण्याचा अंश बदलत नाही. आम्ही दोघं पाऱ्याकडं बघत होतो. स्फटिक नेमके जुन्याच अंशावर वितळले.

"साबित," सर म्हणाले, आणि त्याच दिवशी दावा मागं घेतल्याचं पुण्याला कळवलं.

मी भडकलो. "त्यांना सांगा ना, तेल लावू नका म्हणून! खरं बोलायला भीती कसली?"

"काय सांगू? तुमच्या पोरीच्या आवडीपायी माझी मेहनत वाया गेली? मग ती पाठवायचीच न्हाय." सर नळ्या पुसत राहिले. "सलमानं सांगितलं म्हणून अजून कुणी काही करतंय, असं ते एकच घर उरलंय, मियाँ."

खऱ्यासाठी कुणाशीही भांडणारा मी, पण मीही नळ्या पुसायला बसलो. ते पत्रक छापलं नाही, फाडवतही नाही.

आता सर तिसऱ्या शिजवून खातात. एकटेच, दार लोटून. नळ्या फळीवर धूळ खात पडल्या आहेत. तात्यांची म्हैस पोटभर खाते, आणि गल्लीला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी कोकणात जाणार असेल, तर नुसत्या उन्हात वाळवलेल्या, बिनतेलाच्या तिसऱ्यांची एक पुडी आणा आणि मुनीरसरांच्या हातात द्या. ते पुन्हा चूल सोडून नळ्यांकडं वळतील. आणि तिकडं सलमाची आई भेटलीच, तर तिला एवढंच सांगा, जावयानं सगळ्या खाल्ल्या.