भाग न जाणारा नंबर

स्वतःकडे मोबाइल नाही, पण अख्ख्या गावाचे मोबाइल नंबर मागत फिरतो, असा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या शेजारीच राहतो. वामनभाऊ. पोस्टातून रिटायर झाल्यापासून त्यांना हे वेड लागलं. धानोऱ्याजवळच्या आमच्या खेड्यात कोणी नवीन नंबर घेतला की भाऊ पेन्सिल घेऊन हजर. फोन करायला नाही, भागायला. माझ्या नंबराला सतराने भाग गेला, तेव्हा माझंच लग्न ठरल्यासारखे आनंदाने सांगत आले होते.

“नंबर ध्यानात नाई राहत गा,” ते म्हणायचे, “त्याचा स्वभाव राह्यते.”

मला याचा मनापासून वैताग यायचा.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत माय पहाटे बायांसोबत फुलं वेचायला गेली. नऊच्या सुमारास बाया धापा टाकत परत आल्या. नाल्याजवळ वाघ दिसला, सगळ्या पांगल्या, आणि माय त्यांच्यात नव्हती. नव्या वनरक्षकाला बोलवावं, तर त्याचा नंबर एकाच्याही मोबाइलात नाही. पंचायतीच्या भिंतीवर लिहून आहे ना, मग घ्यायचा कशाला! भिंतीकडे धावलो, तर पोपडा पडून शेवटचे दोन आकडे गायब. शक्य ते शंभरही नंबर एकेक करून लावत बसायचं का?

“थांब,” मागून भाऊ आले. “हा नव्याण्णवानं जाते. मंग याच्या जोड्यांची बेरीजबी नव्याण्णवानंच जाईन.”

“भाऊ, माय जंगलात आहे आन तुमी भागाकार काऊन करून राह्यले?” मी ओरडलोच.

त्यांनी ऐकलंही नाही. उरलेल्या आठ आकड्यांच्या चार जोड्या पाडून भिंतीवरच बेरीज मांडली.

“दोनशे पन्नास. नव्याण्णव त्रिक दोनशे सत्त्याण्णव. सत्तेचाळीस कमी पडले. लाव!”

लावला. रिंग जात राहिली.

“हॅलो, वनरक्षक बोलतोय.”

दुपारी माय सापडली. पाय मुरगळून खडकाआड बसली होती, टोपली मात्र सोडली नव्हती.

संध्याकाळी मी भाऊंकडे गेलो. पाया पडलो, तर ते संकोचून वही चाळायला लागले. सगळ्या वहीत एकच नंबर होता. त्यांच्या लेकीचा, सुनंदाचा. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि भद्रावतीला गेली. जाताना चिठ्ठीवर नंबर देऊन गेली, तेव्हा भाऊ अख्ख्या गल्लीसमोर गरजले होते, “ज्या दिवशी याले भाग जाईन, त्या दिवशी फोन करीन!”

“अजून नाई गेला,” भाऊ म्हणाले. “चाळीस हजारापर्यंत पाह्यलो.”

मी पहिलं पान उघडलं. दोन. पाच. सात. अकरा. मी सहज सुनंदाच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज केली. अठ्ठेचाळीस.

“भाऊ, यात तीन काऊन नाई?”

भाऊंनी वही मिटली.

“मालूम आहे,” ते म्हणाले. “चिठ्ठी हातात आली तवाच मालूम होतं. पन तिनं फोन कापला तर?”

न विचारताच मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला.

“हॅलो? कोण?” पलीकडून आवाज आला.

भाऊंनी दोन्ही हातांनी फोन घट्ट पकडला.

“बाई,” ते म्हणाले, “तुया नंबराले तीननं भाग जाते.”

सुनंदा रडत म्हणाली, “बाबा, मले मालूम आहे. मीबी तवाच भागून पाह्यला होता.”